खाका, साचा आणि सामानावरचं नाव

मराठीत आपण ‘योजनेचा खाका’, ‘भाषणाचा खाका’ असं सहज म्हणतो. उर्दूत हाच शब्द ‘ख़ाका’ म्हणून नांदतो. व्यक्तिचित्र लिहिण्याच्या साहित्यप्रकाराला तिथे ‘ख़ाकानिगारी’ म्हणतात आणि एखाद्याची टर उडवण्याला ‘ख़ाका उड़ाना’. वर्गात हा शब्द आला की मी फळ्यावर त्याच्या शेजारी ‘खाक’ लिहिते. खाक म्हणजे माती, धूळ, राख. मग मुलांना विचारते, आराखड्याचा आणि राखेचा संबंध काय?

संबंध अगदी सरळ आहे. जुना चितारी आधी एका कागदावर नक्षी काढायचा. तिच्या रेषेरेषेवर सुईनं बारीक भोकं पाडायचा. तो कागद भिंतीवर, कापडावर किंवा दुसऱ्या कोऱ्या कागदावर ठेवून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी हलकेच आपटायचा. भुकटी भोकांतून खाली उतरायची. वरचा कागद उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांची तीच नक्षी उमटलेली असायची. धुळीनं काढलेलं चित्र, म्हणून खाका.

‘स्टेन्सिल’ या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. चमकत्या ठिपक्यांनी सजवणं अशा अर्थाचं ते क्रियापद होतं आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला ठिणगी या अर्थाचा ‘सिंटिला’ हा शब्द आहे. एका भाषेला त्या ठिपक्यांत धूळ दिसली, दुसरीला ठिणगी. काम मात्र एकच. ठसा किंवा मोहोर उठलेल्या भागानं छापते. स्टेन्सिलमध्ये जिथे काही नाही, तिथून रंग जातो. कापून काढलेली रिकामी जागाच अक्षर बनते.

हल्ली मुलं पाण्याची बाटली, सायकल, बॅग, लोखंडी पेटी यांवर स्वतःच्या नावाचं स्टेन्सिल ठेवून स्प्रेनं रंग मारतात. हा सुटीतला छंद वाटतो आणि तो आहेही. पण आपल्या वस्तूवर आपलं नाव साच्यातून उमटवण्याला मोठा इतिहास आहे आणि त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: साचा कोणी कापला? मालकानं, की मालकाला मोजणाऱ्यानं?

तोंडानं मारलेला स्प्रे

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मारोस भागात चुनखडीच्या गुहा आहेत. त्यांतल्या लेआंग तिंपुसेंग या गुहेत भिंतीवर माणसाच्या हाताची आकृती आहे. हात भिंतीवर टेकवला, त्यावर रंग उडवला आणि हात काढून घेतला. भोवती रंग राहिला, मध्ये हाताएवढी जागा कोरी. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ही आकृती किमान 39,900 वर्षं जुनी आहे.

तिकडे अर्जेंटिनात पॅटागोनियाच्या दरीत ‘हातांची गुहा’ या नावानं ओळखलं जाणारं ठिकाण आहे. तिथे असे शेकडो हात आहेत आणि त्यांतले बहुतेक डावे आहेत. तिथे हाडाच्या नळ्याही सापडल्या आहेत. उजव्या हातात नळी धरून तोंडानं रंग फुंकायचा आणि डावा हात भिंतीवर ठेवायचा, असं काम चाललं असणार. म्हणजे स्प्रे आणि स्टेन्सिल ही जोडी लिपीपेक्षा कितीतरी हजार वर्षांनी जुनी आहे. आणि तिनं उमटवलेल्या सर्वांत जुन्या आकृत्यांपैकी एक होती माणसाच्या स्वतःच्या पंजाची.

चरबा आणि क़ालिब

मोगल चित्रशाळांत खाक्याच्या जोडीला आणखी एक वस्तू असे, चरबा. हरणाचं अत्यंत पातळ, पारदर्शक केलेलं कातडं. ते मूळ चित्रावर ठेवून रेषा उतरवून घ्यायच्या, त्यांवर भोकं पाडायची आणि भुकटीनं नवी प्रत तयार करायची. ‘चर्ब’ म्हणजे स्निग्ध, तेलकट. आपल्या मराठीतली ‘चरबी’ याच घरातली. एकाच घोड्याची ऐट, एकाच दरबाऱ्याचा चेहरा वेगवेगळ्या चित्रांत दिसतो, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा असा चरबा असतो. पुढे उर्दूत ‘चरबा’ हा शब्द नक्कल, उचलेगिरी यासाठी वापरला जाऊ लागला. ज्या साधनामुळे कलेची परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे गेली, त्याचंच नाव शिवीसारखं झालं. साच्याच्या वाट्याला ही अवहेलना कायम आली आहे.

उस्मानी तुर्कस्तानातले खुशनवीस, म्हणजे सुलेखनकार, मशिदीच्या भिंतीसाठी मोठी अक्षरं लिहायचे तेव्हा तेही हीच पद्धत वापरत. गडद कागदावर पिवळ्या शाईनं अक्षर लिहायचं. जिथे चुकलं तिथे कागदाच्याच रंगानं झाकून दुरुस्त करायचं. मनासारखं झालं की कडेनं सुईची भोकं पाडायची आणि कोळशाच्या भुकटीनं ते संगमरवरावर किंवा लाकडावर उतरवायचं. या भोकं पाडलेल्या कागदाला तुर्कीत ‘कालिप’ म्हणतात. हा आपल्या उर्दूतला ‘क़ालिब’च. क़ालिब म्हणजे साचा आणि क़ालिब म्हणजे देहसुद्धा. जिवलग मित्रांना आपण ‘यक जान दो क़ालिब’ म्हणतो ना, तोच. आपण मान वर करून जी भव्य आयत वाचतो, तिच्यामागे उस्तादाचं लेखन असतं, तसाच तासन्‌तास सुई टोचत बसलेल्या शागिर्दाचा हातही असतो.

ही पद्धत संग्रहालयात जाऊन बसलेली नाही. जरदोजीचा कारागीर आजही बटर पेपरवर नक्षी काढतो, सुईनं टोचतो आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या पावडरीचा बोळा त्यावर फिरवतो. त्या कागदाला तो खाकाच म्हणतो. मक्केत काबागृहाचा गिलाफ, किसवा, जिथे तयार होतो, त्या कारखान्यात काळ्या रेशमावर आयतींची अक्षरं आधी स्क्रीन प्रिंटिंगनं उमटवतात आणि मग त्यांवर सोन्याचांदीच्या तारेचं भरतकाम होतं. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे जाळीच्या कापडावरचं स्टेन्सिलच. आपल्या लग्नपत्रिकाही बरीच वर्षं त्याच पद्धतीनं छापल्या गेल्या.

अंगठेबहाद्दर सम्राट

हे झालं नक्षीचं आणि पवित्र मजकुराचं. स्वतःचं नाव किंवा सही साच्यातून काढण्याची एक जुनी गोष्ट कॉन्स्टँटिनोपलची आहे.

सहाव्या शतकात तिथे जस्टिन नावाचा सम्राट होऊन गेला. त्याचा काळ इसवी सन 518 ते 527. शेतकऱ्याच्या घरातला पोरगा, सैन्यात भरती झाला, वर चढत गेला आणि उतारवयात तख्तावर बसला. त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस सांगतो की त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग फर्मानावर सम्राटाच्या हातची खूण कशी करायची? दरबाऱ्यांनी लाकडाच्या पट्टीत चार अक्षरं कोरून आरपार कापली. कागदावर पट्टी ठेवायची, सम्राटाच्या हातात जांभळ्या शाईची लेखणी द्यायची आणि त्याचा हात धरून त्या खाचांतून फिरवायचा. इटलीचा गॉथ राजा थिओडोरिक याच्याबद्दलही एका जुन्या बखरीत अशीच कथा आहे, फक्त त्याची पट्टी सोन्याची.

प्रोकोपियसनं हे टिंगलीच्या सुरात लिहिलंय आणि इतिहासकार दोन्ही कथा जपून वापरतात. पण त्या टिंगलीतूनच एक गोष्ट कळते. शिकलेल्या माणसाला आपल्या हस्ताक्षराचा अभिमान असतो, म्हणून त्याला साचा हिणकस वाटतो. ज्याच्या हाताला अक्षराचं वळण नाही, त्याच्यासाठी साचा हाच लिहिण्याचा रस्ता असतो. सम्राट असो वा हमाल.

शिपायाचा पितळी पत्रा

सामानावर नाव घालण्यासाठी सामान्य माणसानं पदरचे पैसे देऊन स्वतःच्या नावाचं स्टेन्सिल करून घ्यावं, ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते ती अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात.

उत्तरेच्या सैन्याचा सामानावरच्या खुणांबाबतचा नियम स्पष्ट होता. पाठीवरच्या पिशवीच्या बाहेर पलटणीचा क्रमांक, आतल्या बाजूला कंपनीचं अक्षर आणि शिपायाचा क्रमांक. शिध्याच्या झोळीवरही पलटण, कंपनी आणि शिपायाचा क्रमांक. म्हणजे सामान कोणत्या तुकडीचं, कितव्या माणसाचं, हे सरकारला कळलं पाहिजे. माणसाचं नाव काय, हे तिथे विचारलेलंच नव्हतं.

शिपायांनी ते स्वतः घातलं. छावणीत आणि गावागावांत स्टेन्सिल कापून देणारे असत. पितळेचा पातळ पत्रा, काही इंच लांब. पोलादी ठशांवर हातोडी मारून त्यातून अक्षरं आरपार काढायची: नाव, खाली कंपनी, खाली पलटण आणि राज्य. शिपाई तो पत्रा जवळ ठेवायचा आणि कूंचला किंवा ब्रश घेऊन सदरा, घोंगडी, झोळी, पुस्तक अशा सगळ्यांवर न जाणाऱ्या शाईनं नाव उमटवायचा. व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावचा एस. एम. स्पेन्सर हा स्टेन्सिल कापण्याची अवजारं विकणारा व्यापारी होता. अवजारांचा संच घ्या, घरोघर फिरा, लोकांच्या नावाचे पत्रे कापून पोट भरा, अशा धंद्याच्या जाहिराती त्या काळच्या वर्तमानपत्रांत येत. आज ते पत्रे संग्रहालयांत आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या खाचांत वाळलेली शाई अजून दिसते.

एवढा खटाटोप कशासाठी? एक कारण रोजचं. हजारो माणसांची एकसारखी घोंगडी एका ठिकाणी असली की चोरी आणि अदलाबदल होणारच. दुसरं कारण कोणी फारसं बोलत नसे. त्या युद्धात शिपायाच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला नव्हता. अमेरिकन सैन्यानं त्याबाबतचा आदेश 1906 मध्ये काढला. तोवर पडलेल्या माणसाची ओळख म्हणजे त्याच्या खिशातलं पत्र किंवा कपड्यावरचं नाव. जून 1864 मध्ये कोल्ड हार्बरच्या चढाईआधी शिपाई आपल्या कोटाच्या पाठीवर नाव-पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या लावत असल्याचं होरेस पोर्टर या अधिकाऱ्यानं नोंदवून ठेवलं आहे. युद्धानंतर उत्तरेच्या तीन लाखांवर मृतांचे अवशेष राष्ट्रीय दफनभूमींत हलवले गेले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांची ओळख पटली नाही. त्यांच्या शिळेवर फक्त क्रमांक आहे.

सरकारनं क्रमांक दिला होता. नाव टिकावं म्हणून शिपायाला स्वतःच्या पगारातून पितळेचा पत्रा घ्यावा लागला.

गाठी, पेट्या आणि बंदर

याच युद्धाचा दुसरा धागा थेट मुंबईला येतो. अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडच्या कापसाची आठवण झाली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि 1865 मध्ये युद्ध संपताच तो ओसरला, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्यात न शिकवली जाणारी गोष्ट म्हणजे बंदरावरच्या मालाचा ‘मार्का’. गाठ असो, खोका असो वा पोतं, त्यावर व्यापाऱ्याची खूण असायची. चौकट, त्रिकोण किंवा वर्तुळ, आत अक्षर, खाली बंदराचं नाव आणि नग क्रमांक. वाचता न येणारा हमालही आकारावरून माल ओळखून योग्य ढिगावर टाकायचा. असा मार्का झटपट आणि हजार वेळा सारखाच उमटवायचा तर पत्र्याच्या साच्याला पर्याय नाही. ‘मार्का’ हा शब्द बाजारातून घरात आला आणि आजही ‘अमुक मार्का विडी’, ‘तमुक मार्का छत्री’ म्हणून राहिला आहे.

मालावरचा हा मार्का माणसाच्या सामानावर यायला वेळ लागला नाही, कारण बंदर तेच होतं. रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून गेले. त्यांच्या मागोमाग लोखंडी ट्रंका गेल्या. आणि हाजी गेले. मुंबईहून जिद्द्याला जाणारी हजची जहाजं 1995 पर्यंत चालू होती. त्यातली मोगल लाइन ही कंपनी तर 1877 पासूनची. देशभरातले यात्रेकरू मुंबईत यायचे, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी उतरायचे आणि जहाजाची वाट पाहायचे. महिन्यांचा प्रवास, म्हणून तांदूळ, डाळ, लोणचं, भांडी, बिछाना आणि अनेकांच्या सामानात कफनाचं कापडही.

आमच्या नात्यागोत्यात अजून अशा पेट्या आहेत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोठ्यात. हिरवा किंवा काळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं: नाव, वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. काही ब्रशनं लिहिलेली, काही साच्यानं. साच्याचं अक्षर लगेच कळतं, कारण ते मध्येमध्ये तुटलेलं असतं. ज्याचं नाव त्या पेटीवर आहे, त्याला स्वतःला ते अनेकदा वाचता येत नव्हतं. तरी गर्दीत शंभर पेट्यांतून तो आपली पेटी ओळखायचा, जसा हमाल मार्का ओळखायचा. बायकांच्या पेटीवर मात्र बहुधा नवऱ्याचंच नाव असे. घरातल्या चार पेट्या एकापुढे एक ठेवल्या तरी दादीचं स्वतःचं नाव कुठेच दिसत नाही, हे मला मोठी झाल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून साच्याकडे पाहताना त्यात कोणाचं नाव आहे एवढंच मी पाहत नाही, कोणाचं राहून गेलं तेही पाहते.

सक्तीनं लिहिलेलं नाव

सामानावरचं नाव म्हणजे एक भरवसा असतो. वस्तू चुकली तर परत येईल, हा. इतिहासात या भरवशाचा गैरवापरही झाला आहे.

1942 मध्ये अमेरिकेनं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे 1 लाख 20 हजार जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. भिंतींवर चिकटवलेल्या हुकमात लिहिलं होतं की सामान बांधलेलं हवं, त्यावर मालकाचं नाव हवं आणि केंद्रावर मिळालेला क्रमांक हवा. एका कुटुंबाला एक क्रमांक. घरातल्या बॅगांवर आणि माणसांच्या कोटांवर लावायच्या चिठ्ठीतही तोच क्रमांक.

त्याच वर्षांत युरोपात ज्यूंना आगगाड्यांत भरून छळछावण्यांकडे नेलं जात होतं. ऑशविट्झच्या संग्रहालयात आज सुमारे 3,800 सुटकेसी आहेत. त्यांतल्या सुमारे 2,100 वर मालकांची नावं आहेत, काहींवर जन्मतारीख आणि गावही, रंगानं मोठ्या अक्षरांत काढलेलं. सामान परत मिळेल असं वाटल्याशिवाय कोणी इतक्या काळजीनं नाव लिहीत नाही. माणसं गेली, नावं सुटकेसींवर राहिली. ज्यांनी त्यांना क्रमांक बनवलं, त्यांच्या विरोधात आज तीच नावं साक्ष देतात.

म्हणून मला वाटतं, नाव किंवा क्रमांक सामानावर आहे एवढ्यानं काही ठरत नाही. तो कोणी ठरवला, कोणत्या अक्षरांत ठरवला, त्यानं सगळं ठरतं.

नळीपासून डब्यापर्यंत

आता पुन्हा स्प्रेकडे येऊ. हजारो वर्षं तोंडानं फुंकलेल्या रंगाची जागा यंत्रानं घेतली ती अलीकडे. अमेरिकेतल्या टोलीडो शहरात डॉ. डिव्हिल्बिस यांनी 1888 मध्ये घशात औषध फवारण्याचं साधन काढलं. त्यांच्या मुलानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच तत्त्वावर रंग फवारणारी बंदूक आणली. मोटारी आणि फर्निचर रंगवायला ती कामाला आली. पुढे 1949 मध्ये इलिनॉय राज्यातल्या सिकमोर गावच्या एडवर्ड सीमोर यांनी दाबाखालचा रंग डब्यात भरला. कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांची. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरना लावायचा ॲल्युमिनियम रंग दाखवायला सोपं साधन हवं होतं, एवढंच निमित्त. त्या डब्यामुळे ब्रश नाही, बंदूक नाही, कॉम्प्रेसर नाही, अशा माणसाच्या हातात रंग आला.

आपल्याकडे पेंटर लोकांनी त्याला जोड दिली जुन्या एक्स-रे फिल्मची. फिल्म पातळ, चिवट आणि पाणी न पिणारी. ब्लीच घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवून पुसली की काळा थर निघून ती पारदर्शक होते. हे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून करावं. मग तिच्याखाली नाव लिहिलेला कागद ठेवायचा आणि धारदार कटरनं, काचेवर ठेवून, अक्षर कापायचं.

खरी परीक्षा इथे आहे. ‘व’ कापलात की त्याच्या पोटातला गोल तुकडाही निघून पडतो आणि रंग मारल्यावर नुसता ठिपका उरतो. तो तुकडा धरून ठेवायला बारीक पट्टी, म्हणजे पूल, सोडावा लागतो. देवनागरीत हा त्रास जास्त आहे, कारण ‘प’, ‘म’, ‘स’ यांची पोटं वरच्या शिरोरेषेनं बंद होतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शिरोरेषा थोडी तोडायची. वाचणाऱ्याचा डोळा ती आपोआप जोडून घेतो. उर्दूत ‘वाव’, ‘मीम’, ‘फ़े’, ‘क़ाफ़’, ‘स्वाद’, ‘तोय’ यांच्या डोक्याला असेच पूल लागतात. नुक्ते मात्र सुटे असल्यामुळे सगळ्यात सोपे. नस्तालीकमध्ये अक्षरं तिरकी उतरत एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे एक लांबलचक खाच तयार होते आणि फिल्म लोंबकळते. मध्ये दोन पूल दिले की ती ताठ राहते.

रंग मारण्याची रीत थोडक्यात सांगते. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरनं घासून, पुसून कोरडा करा. फिल्म टेपनं घट्ट बसवा, भोवती वर्तमानपत्र लावा. मोकळ्या हवेत, मास्क लावून, डबा वीतभर अंतरावर सरळ धरून हलका हात मारा. एकदम जाड थर दिला तर रंग फिल्मखाली पसरतो. दोन-तीन पातळ थर द्या, थोडं थांबा आणि फिल्म सरळ वर उचला. हेल्मेटवर मात्र स्प्रे मारू नका. काही प्रकारच्या प्लास्टिकला रंगातलं द्रावण कमकुवत करतं आणि ती वस्तू दिसण्यासाठी नाही, डोकं वाचवण्यासाठी असते.

स्वतःच्या नावाचं स्पेलिंग

एवढी मेहनत कशाला, कोपऱ्यावरचा रेडियमवाला दहा मिनिटांत नाव कापून देतो, असं कोणी म्हणेल. देतो, आणि मराठी-इंग्रजी छान देतो. उर्दू नाव सांगून पाहा. अनेक दुकानांतल्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दूची सोय नसते. अक्षरं सुटी पडतात, कधी उलट्या क्रमानं येतात आणि तशीच गाडीवर चिकटतात. कित्येक पाट्यांवर मी असे मोडलेले शब्द पाहिले आहेत. हातानं कापलेल्या साच्यात असं होत नाही, कारण कापणाऱ्याला अक्षर वाचावं लागतं.

आणि त्याहून मोठी गोष्ट. माझ्या वर्गात एकाच मुलीचं नाव हजेरीत एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं असतं. शेख कुठे ‘शैख’, कुठे ‘शेक’. महंमदचा कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मो.’, तर कुठे चक्क ‘एमडी’. कोणत्या तरी खिडकीत बसलेल्या माणसानं घाईत जे ऐकलं ते टाइप केलं आणि तेच तिचं नाव झालं. दहावीचा फॉर्म, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, प्रत्येक वेळी तो फरक समोर येतो आणि तिचे वडील रोजगार बुडवून प्रतिज्ञापत्रं करत फिरतात. आजच्या दिवसांत कागदावरचं नाव जुळणं ही आमच्या घरांतली किती मोठी काळजी आहे, हे वेगळं सांगायला नको.

स्टेन्सिलनं कागदपत्रं दुरुस्त होत नाहीत. पण हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांना स्वतःच्या नावाचं स्टेन्सिल कापायला दिलं की वर्गात एक वेगळीच शांतता येते. पेननं लिहिताना कोणी विचार करत नाही. कटर हातात घेतल्यावर करावा लागतो, कारण एकदा कापलेलं खोडता येत नाही. ऱ्हस्व की दीर्घ? ‘सीन’ की ‘स्वाद’? आई काय म्हणते, आजोबा काय लिहायचे? मुलं घरी जाऊन विचारतात. नावाचा अर्थ विचारतात. दोन दिवसांनी येतात तेव्हा त्यांना आपलं नाव तीन लिप्यांत, एका ठाम रूपात माहीत असतं. मग फॉर्मवर चूक दिसली तर त्या मुली त्याच खिडकीशी ‘हे चुकलंय’ म्हणून उभ्या राहतात.

मुलींना मी आणखी एक काम देते. आपल्या नावाबरोबर आईच्या किंवा दादी-नानीच्या नावाचंही एक स्टेन्सिल कापायचं आणि तिच्याच एखाद्या डब्यावर, पेटीवर रंगवायचं. मागच्या वर्षी एका मुलीनं नानीच्या धान्याच्या कोठीवर उर्दूत ‘अमीना’ असं रंगवलं. मीमचा पूल जरा जाड झाला होता, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं.